सोनीबायला काहीच होत नव्हतं

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जव्हारच्या बाजारात अजूनही अधूनमधून कुणीतरी मला थांबवून रिपोर्ट दाखवतं. बावीस वर्षं माझी उठबस डॉक्टरांमध्ये झाली, तीही साध्यासुध्या नाही, तर डॉक्टरांची परीक्षा घेणाऱ्या बड्या डॉक्टरांमध्ये. असे परीक्षक शोधायचे, त्यांना परीक्षा कशी घ्यायची ते शिकवायचं आणि मग शिकवल्याप्रमाणे वागतात की नाही ते बघत बसायचं, हे माझं काम. जव्हारजवळच्या जामसरमधल्या भातशेतीवाल्या घरातली, डी.एड. होऊन शाळेत लागलेली बाई मुंबईच्या परीक्षा मंडळात कशी पोचली, ती कथा लांबलचक आणि कंटाळवाणी आहे. ती सोडून देते. इथली माणसांची नावंही मी बदलली आहेत.

आधी काम समजावते. एमबीबीएस झालेला डॉक्टर पुढे तीन वर्षं शिकतो आणि स्पेशालिस्टची परीक्षा देतो. लेखी पेपर होतात, पण खरी परीक्षा त्यानंतरची. खाटेवर एक पेशंट असतो, खराखुरा. उमेदवार त्याच्याशी तासभर बोलतो, त्याला तपासतो, सगळं लिहून काढतो. पेशंटने सांगितलेल्या हकिगतीला डॉक्टर लोक हिस्टरी म्हणतात. मग दोन परीक्षक येतात आणि त्या कागदाचा, उमेदवाराचा आणि वेळ उरला तर त्याला शिकवणाऱ्यांचाही कीस काढतात. पेशंट तिथेच पडून सगळं ऐकत असतो. त्याचं मत कुणी विचारत नाही.

परीक्षक मिळवणं म्हणजे मे महिन्यात टँकर मिळवण्यासारखं आहे. हो म्हणतात, निघालोय म्हणतात, येत मात्र नाहीत. एका नामवंत सर्जनने मला सलग चार वर्षं एकाच भाचीच्या लग्नाचं कारण दिलं. पाचव्या वर्षी मीच त्यांना फोन करून विचारलं, "सर, भाची सुखात आहे ना?" ते आले. चांगले परीक्षक निघाले, हेही सांगायला हवं.

आलेल्यांना शिकवणं हा त्याहून मोठा कुटाणा. ज्याने आयुष्यभर वॉर्डात हुकूम सोडले, त्याला एका डी.एड. झालेल्या बाईने गुण कसे द्यायचे ते सांगावं, हे घशाखाली उतरत नाही. म्हणून मी काही सांगायचीच नाही. एका उमेदवाराच्या तोंडी परीक्षेचं चित्रीकरण सगळ्यांना एकदम दाखवायची आणि गुण लिहून द्या म्हणायची. मग मी चिठ्ठ्या उघडायची. त्याच पोराला कुणी नापास केलेलं असायचं, कुणी पहिल्या वर्गात बसवलेलं. मग माझं प्रशिक्षण सुरू व्हायचं, आणि तेव्हा मात्र सगळे वही काढायचे.

परीक्षकांच्या माझ्या हिशेबाने दोन जाती. एक कढी आणि एक ठेचा. कढीवाले उमेदवाराला पाणी देतात, उत्तर तोंडात भरवतात आणि घरी जाताना मुलं किती हुशार म्हणतात. ठेचेवाल्यांसमोर उमेदवार स्वतःचं नाव विसरतो. माझं काम दोघांनाही वरणभात करायचं. पूर्ण कुणीच होत नाही.

आणि तिसरं काम, देखरेख. परीक्षा चालू असताना निरीक्षक म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, गुणांबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही. फॉर्मवर खुणा करायच्या आणि पाकीट बंद करायचं. एका परीक्षकाने बोलता बोलता आपला ॲप्रन माझ्या खुर्चीवर टाकला होता, मी खुर्चीत असताना. मी तो तसाच मांडीवर घेऊन बसले. इतकं गप्प बसणं मला साधलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. घरी मी एवढी गप्प कधीच नसते, हे माझे यजमान शपथेवर सांगतील.

निरीक्षकाला एकच हक्क असतो. परीक्षकांनी प्रक्रिया मोडली, एखादी पायरी गाळली, तर परीक्षा थांबवता येते. कारण लेखी द्यावं लागतं आणि त्याची चौकशी होते. इतक्या वर्षांत मी तो हक्क एकदाही वापरला नव्हता.

निवृत्तीला सात महिने उरले होते, तेव्हा जव्हारचं केंद्र सुरू झालं. त्यासाठी मी मंडळात तीन वर्षं भांडले. आमच्या डोंगरातली पोरं डॉक्टर होऊ लागली होती, पण स्पेशालिस्टची परीक्षा द्यायला त्यांना शहरातच जावं लागे, आणि तिथले पेशंट त्यांच्याशी मोकळं बोलत नसत. मंडळातले लोक म्हणायचे, "बाई, त्या घाटात परीक्षक येणार का?" मी म्हणायचे, "जेवायला घालून आणीन." अखेर एका ट्रस्टचं रुग्णालय तयार झालं आणि उन्हाळ्याची परीक्षा जव्हारात ठरली.

त्या दिवशीची दुसरी उमेदवार होती मनीषा. शेजारच्या पोशेऱ्याची पोर. आईबाप नागली-भात पिकवणारे, थोरला भाऊ शिक्षक. डॉक्टर होऊन ती याच रुग्णालयात राबत होती आणि मेडिसिनची परीक्षा देत होती. शहरातल्या केंद्रावर दोनदा नापास झालेली. ही तिसरी आणि शेवटची संधी. ही गेली तर तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात, आणि जव्हार-मोखाड्याच्या पेशंटना फिजिशियनसाठी पुन्हा नाशिक नाहीतर ठाणं. हे मला ठाऊक होतं. निरीक्षकाला ते ठाऊक नसलेलं बरं असतं.

तिच्या वाट्याला आलेली पेशंट सूर्यमाळच्या पाड्यावरची सोनीबाय. वय चाळीसच्या आसपास, अंगाने काडी. हृदयाची एक झडप अरुंद झालेली. सोप्या भाषेत सांगायचं तर दार अर्धवट उघडतं आणि रक्त मागे तुंबतं, म्हणून दम लागतो.

आता माझी चूक सांगते. उमेदवाराने पेशंट बघण्याआधी दोन्ही परीक्षकांनी तो स्वतः तपासायचा असतो. त्याच्याशी बोलायचं, दुखणं विचारायचं, आणि यात काय सापडायला हवं ते दोघांनी मिळून लिहायचं. हा नियम मी दर प्रशिक्षणात फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत असे. परीक्षक होते मुंबईचे बापट सर, ठेच्यातला ठेचा, आणि नागपूरच्या वानखेडे मॅडम, थोड्या कढीकडे झुकणाऱ्या. बापट सरांची गाडी घाटात पंक्चर झाली. ते तासभर उशिरा, घामाघूम आणि वैतागलेले आले. मॅडम त्यांची वाट बघत थांबल्या होत्या. दोघांनी सोनीबायच्या छातीला नळी लावली. सर म्हणाले, "झडपेचीच केस आहे. स्पष्ट ऐकू येतंय. चला." बोलणं राहिलंच. मी फॉर्म पुढे केला, त्यांनी सह्या केल्या. केंद्राच्या पहिल्याच परीक्षेला उशीर झाला तर मंडळात माझ्या जव्हारचं नाव खराब होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मनीषाने केस छान मांडली. निदान बरोबर. ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी पेशंट विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ एका दमात चढायची. गेल्या बोहाड्यापासून एकच हंडा आणते आणि तीनदा थांबते. रात्री आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून बसून झोपते." मी मनातल्या मनात शाबास म्हटलं. इथे दुखणं महिन्यांत नाही, बोहाड्याच्या जत्रेवर आणि पेरणी-कापणीवर मोजतात. ज्याला हे कळतं त्यालाच खरी हकिगत मिळते.

बापट सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीनदा थांबते? एवढं नेमकं?"

"हो सर."

"इतक्या तरुण बाईची अवस्था इतकी वाईट असेल तर तुम्ही आजवर काय करत होतात? तुमच्याच रुग्णालयातली पेशंट ना?"

"सर, ती परवाच पहिल्यांदा आली."

सरांचा आवाज चढला. नुसता त्यांचा बोलण्याचा ढंग तो, पण ऐकणाऱ्याला वाटावं आता मारतील. मग ते खाटेकडे वळले. "काय बाई, पाणी आणताना दम लागतो का?"

सोनीबायने एकदा सरांकडे बघितलं, एकदा मनीषाकडे. "नाय," ती म्हणाली.

"चढावर थांबावं लागतं?"

"नाय. माना काय नाय होत."

"रात्री झोप लागते?"

"बेस लागते. या पोरीनं औषध दिलं ना, आता सगळं बेस हाय."

मनीषा खाटेकडे वळली. "सोनीबाय, तू मघा सांगितलंस ना..." असं ती बोलू लागली, तोच सरांनी हात वर केला. "पेशंटला पढवायचं नाही." मग मॅडमकडे वळून ते हळूच बोलले, पण खोली लहान होती. "निदान बरोबर आहे म्हणून सूट नाही. हिस्टरी मनाने रचून लिहिणाऱ्याला मी पास करत नाही."

सरांचं तत्त्व चुकीचं नव्हतं. खोटी हकिगत लिहिणारा डॉक्टर मलाही नको. पण खोटं कोण बोलतंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी जामसरच्या शाळेत शिकत असताना तपासणीला साहेब यायचे. ते गुरुजींवर ओरडले की आमच्या आया पुढे होऊन सांगायच्या, गुरुजी रोज येतात, शाळा बेस चालते. त्या गुरुजींचा महिनोन्‌महिने पत्ता नसे, तरीही. साहेबापुढे आपल्या माणसाला तोंडघशी पाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सोनीबायला वाटत होतं, आपण बऱ्या झालो नाही म्हणून पोरीला बोलणी बसताहेत.

मी बोलू शकत नव्हते. बोलले असते तर जामसरची बाई पोशेऱ्याच्या पोरीची बाजू घेते असं झालं असतं, आणि तसं म्हणणाऱ्याला मी दोष दिला नसता. माझ्याकडे तो एकच हक्क होता. प्रक्रिया मोडली होती खरी, आणि ती मोडताना फॉर्म पुढे करणारी मीच होते. खरं सांगते, मी पाचेक मिनिटं नुसती बसून राहिले. सात महिन्यांनी हार-तुरे घेऊन बाहेर पडायचं होतं. मग मी पेनचं टोपण काढलं आणि रकान्यात लिहिलं: पूर्वतपासणी अपुरी. पेशंटशी संभाषण झाले नाही. निरीक्षकास माहीत असूनही तिने सही घेतली.

"सर, मॅडम, परीक्षा थांबवते," मी उभी राहून म्हटलं. त्या खोलीत मला आवाज आहे हे सगळ्यांना तेव्हा कळलं.

सरांनी फॉर्म वाचला. "बाई, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"हो सर. चूक माझी आहे. आता राहिलेली तपासणी करून घ्या. उमेदवार बाहेर थांबेल."

ते चिडले, नाही असं नाही. पण नियम म्हणजे नियम हे त्यांनाही मान्य होतं. ठेचेवाल्यांचा हा गुण. मनीषाला बाहेर बसवलं. सोनीबायला पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. काय नाय. बेस हाय. शेवटी वानखेडे मॅडमना सुचलं. "सोनीबाई, मला इथलं काहीच माहीत नाही. खालचा दवाखाना दाखवाल का? चालत जाऊ."

आम्ही चौघं निघालो. मागे सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन. उतार उतरताना काही वाटलं नाही. परत स्ट्रेचर नेतात त्या चढावरून येताना सोनीबाय दहा पावलांत थांबली. भिंतीला हात लावून म्हणाली, "तुमी दमला आसाल. जरा थांबू." आम्ही थांबलो. पुढे वळणावर पुन्हा, "साहेबांना दम लागला." साहेब साठीचे, त्यांना खरंच लागला होता. तिसऱ्यांदा ती काहीच बोलली नाही. ओठ निळसर पडले होते. सिस्टरने खुर्ची पुढे केली आणि बापट सरांनी तिचा हात धरून तिला स्वतः बसवलं.

"तीनदा," मॅडम म्हणाल्या.

सर तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. दोघांचाही श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, पण आवाज निराळाच होता. "सोनीबाई, मघाशी नाही का म्हणालात?"

"तुमी तिला बोलत व्हता," ती म्हणाली. "माझं दुखणं माझं. त्यापायी पोरीनं का ऐकून घ्यावं?"

सरांनी चष्मा पुसला. मनीषाला पुन्हा आत बोलावलं आणि परीक्षा पुढे चालू झाली. सरांनी उरलेले प्रश्न पूर्वीइतकेच तिखट विचारले, एकही सोपा केला नाही. गुण किती दिले ते मला दिसलं नाही. पाकीट बंद झालं, लाख लागली.

जाण्याआधी सर सोनीबायच्या खाटेशी आले. तिची झडप छाती न कापता, फुग्याने मोकळी करता येते. त्यांच्या रुग्णालयात या, सरकारी योजनेत बसेल, खर्च नाही, पण फार उशीर करू नका, असं त्यांनी समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "पोर पास झाली का?"

"निकाल पाच आठवड्यांनी लागतो."

"मंग मी पाच हप्त्यांनी येते."

आम्हाला वाटलं, बाई भीतीपोटी टाळतेय. तसं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी सूर्यमाळला गेले. अंगणात तिची सून हंडे उतरवत होती, सोनीबाय उंबऱ्याला टेकून बसली होती. मी नाना परीने समजावलं. तिने मला नागलीची भाकरी वाढली आणि म्हणाली, "बाई, मी नाय म्हणाले आन तिचं नुकसान झालं. तिला नापास करून मी बरी व्हायची का? तिचं कळू दे, मंग बघू." मनीषा दर रविवारी गोळ्या घेऊन जायची, पाया पडायची, रागवायची, एकदा तर रडलीही. सोनीबाय गोळ्या घ्यायची. मुंबईचं नाव काढलं की नाय.

मला झोप लागेना. एक बाई दम कोंडत बसली होती आणि तिचा इलाज आमच्या मंडळाच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात पडला होता. उभ्या नोकरीत केलं नव्हतं ते मी तेव्हा केलं. निकाल विभागातल्या, माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलीला फोन लावला आणि म्हटलं, फक्त एक नंबर बघून सांग. ती म्हणाली, "बाई, असा फोन कुणाचाही आला तरी ठेवून द्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?" आणि तिने ठेवला. मला असा संताप आला! आणि त्या संतापातच वाटलं, चला, शिकवलेलं एक तरी माणूस शिकलं.

मंडळाकडून मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारण दाखवलं, ठपका बसला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. तो फॉर्म आता नव्या परीक्षकांना प्रशिक्षणात दाखवतात, नाव झाकून. पेशंटला काही पडताळून विचारायचं असेल तर उमेदवाराला आधी बाहेर पाठवायचं, असा नियमही झाला. जव्हारचं केंद्र चालू आहे. बापट सर दर वर्षी येतात आणि आदल्या दिवशीच येतात.

निकाल लागला त्या दिवशी मी घरी पापड वाळत घालत होते. मनीषाचा फोन आला. म्हणाली, "बाई, झाले मी." मी पापड तसेच टाकले. तासाभरात आम्ही दोघी जीपने सूर्यमाळच्या वाटेला लागलो.

आम्ही अंगणात पोचलो तेव्हा सोनीबाय नेहमीच्या जागी उंबऱ्याला टेकून होती. मनीषा लांबूनच ओरडली, "पास झाले गं सोनीबाय!"

सोनीबायने तिला जवळ बोलावलं, तोंडावरून हात फिरवला. "माझ्यापायी तुझं काय मार्क कापलं तर नाय ना?"

"काय नाय कापलं."

"खरं सांग."

"खरंच."

सोनीबायने आत बघून सुनेला हाक मारली. सून गाठोडं घेऊन बाहेर आली. लुगडी, तांब्या, आधार कार्डाची पिशवी, सगळं भरून तयार होतं. केव्हाचं बांधलं होतं कुणास ठाऊक.

जीपमध्ये ती आणि मी मागे बसलो, मनीषा पुढे. पाडा मागे पडला तशी सोनीबाय बोलू लागली. "डाक्तर, आता तुला कोन काय बोलणार नाय ना?"

"नाही."

"मंग लिही. दम लागतो. रातचं बसून काढते. पाय सुजतात, सांच्याला जास्ती. खोकल्यात एकदा रगत पडलं, ते मी तुला बी सांगितलं नव्हतं."

मनीषाने पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि लिहू लागली. जीप खोडाळ्याच्या पुढे गेली तरी सोनीबायचं सांगून संपलं नव्हतं.